व्याख्येबाहेर राहिलेले पाणी

सारस पक्ष्याची जोडी धानाच्या बांधीत घरटे घालते आणि जवळच्या तलावाच्या उथळ पाण्यात आपले अन्न शोधते. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात आणि थोडाफार भंडाऱ्यात उरला आहे. त्याची संख्या इतकी घटली की, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या रक्षणाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. परंतु केंद्र सरकारने २०१७ मध्ये पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी जे नियम केले, त्यांची व्याख्या वाचली म्हणजे एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. या व्याख्येप्रमाणे भातशेती ही पाणथळ जागा नव्हे. आणि सिंचनासाठी बांधलेला तलाव हीदेखील पाणथळ जागा नव्हे. म्हणजे ज्या दोन ठिकाणी हा पक्षी जगतो, ती दोन्ही ठिकाणे या नियमांच्या लेखी कोरडी आहेत!

प्रश्न एका पक्ष्याचा असता, तर त्याची चिंता पक्षिमित्रांवर सोपवून इतरांना मोकळे होता आले असते. पण ज्या पाण्यावर सारस जगतो त्याच पाण्यावर धान पिकवणारा शेतकरी, मासे धरणारा ढिवर आणि गावची गुरे जगतात. पक्षी आधी जातो, एवढाच फरक. म्हणून कायद्याच्या या व्याख्येकडे केवळ शब्दच्छल म्हणून पाहून चालणार नाही.

इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. त्या कराराची व्याख्या उदार आहे. दलदल असो वा तळे, पाणी नैसर्गिक असो वा माणसाने अडवलेले, कायमचे असो वा हंगामी, वाहते असो वा साचलेले, गोडे असो वा खारे, या साऱ्यांचा समावेश तीत होतो. भारताने १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली प्रथम २०१० मध्ये आणि नंतर ते नियम बदलून २०१७ मध्ये जे नवे नियम केले, त्यांनीही आरंभी हीच व्याख्या स्वीकारली. मात्र एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यावे, तसे पुढच्याच शब्दांत अपवादांची यादी आली. नद्यांचे प्रवाह वगळले. भातशेती वगळली. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळले. मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचन यांसाठी खास बांधलेली कामेही वगळली. कराराने ‘नैसर्गिक वा कृत्रिम’ असे म्हटले. नियमांनी कृत्रिमातले बहुतेक सारे बाहेर काढले.

हिमालयाच्या कुशीतील किंवा गंगेच्या मैदानातील राज्यांना या अपवादांची झळ कदाचित कमी लागत असेल. महाराष्ट्राची गोष्ट वेगळी आहे. काळ्या पाषाणाच्या या पठारावर निसर्गाने मोठे तलाव फार थोडे दिले. लोणारसारखे सरोवर हा अपवाद, आणि तोही उल्केच्या आघाताने घडलेला. एरवी या राज्यात जे साचलेले पाणी दिसते ते माणसाने अडवलेले आहे. पैठणचा नाथसागर हा जायकवाडी धरणाचा जलाशय आणि भिगवणजवळ जिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात ते उजनी धरणाचे फुगवट्याचे पाणी. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे तर याचे सर्वांत बोलके उदाहरण. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांना पाणी देण्यासाठी एक बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साचला, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पाटबंधारे खात्याने न ठरवता तिथे पाखरांची वसाहत झाली. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० च्या प्रारंभी महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. एका सिंचनाच्या बंधाऱ्याने महाराष्ट्राला हा मान मिळवून दिला, आणि सिंचनाची बांधकामे म्हणजे पाणथळ जागा नव्हेत असे आपले नियम सांगतात! नांदूर मधमेश्वर वाचले आहे ते अभयारण्य म्हणून, वन्यजीव कायद्याच्या छत्राखाली. ज्या शेकडो लहान तलावांना असे छत्र नाही त्यांचे काय, हा खरा प्रश्न आहे.

त्या तलावांचा इतिहास आठवण्याजोगा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भाच्या भागात गोंड राजांच्या काळापासून हजारो तलाव खोदले गेले. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन सवलतीने वा इनाम म्हणून मिळे. चंद्रपुरात ‘तुकूम’ हे नाव अशाच देणग्यांची खूण म्हणून आजही टिकून आहे. कोहळी समाजाने या कामात असे कौशल्य मिळवले की, कोणत्या उतारावर पाळ घालावी आणि जादा पाणी कोठून काढून द्यावे, याचे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले. एका तलावाचा सांडवा दुसऱ्या तलावाला पाणी देतो आणि दुसऱ्याचा तिसऱ्याला, अशा साखळ्या त्यांनी उभ्या केल्या. तलावाचे पाणी धानाला, मासे ढिवरांना, शिंगाडा आणि कमळकंद गोरगरिबांना, गाळ शेताला आणि कडेचे गवत गुरांना, अशी ही वाटणी होती. ती न्याय्य होती असे म्हणण्याचे कारण नाही. मालगुजाराचा वरचष्मा तीत होताच. पण तलाव राखण्यात प्रत्येकाचा काही ना काही स्वार्थ गुंतलेला होता, हे मात्र खरे.

मध्यप्रदेशाच्या १९५० च्या मालकीहक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून यांतील बहुतेक तलाव सरकारजमा झाले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते पाऊल योग्यच होते. परंतु मालक गेला आणि त्याच्या जागी राखणदार मात्र आला नाही. पुढे तलावाचेच तुकडे झाले. जमिनीवर नव्हे, कागदावर. पाणी सोडण्याचा अधिकार, तलाव लहान असेल तर जिल्हा परिषदेकडे आणि मोठा असेल तर पाटबंधारे खात्याकडे. तळाची जमीन महसूल खात्याची. मासळीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याच्या नियमांनी चालतो. पाखरू उतरले तर ते वन खात्याचे. एका तलावाला चार धनी, आणि पाळ फुटली तर एकही नाही, अशी ही अवस्था. गाळ साठत गेला, बेशरमीची झुडपे काठ व्यापत आत सरकली, आणि उथळ झालेल्या कडांवर अतिक्रमणाची पहिली कुदळ पडली. सातबाऱ्यावर किंवा गावच्या नकाशावर अशा जागेची नोंद ‘पोटखराबा’ वा ‘पड’ अशी असली, की ती जागा कोणाच्या तरी उपयोगाची आहे, हे सरकारी दप्तराला कळण्याचा मार्गच उरत नाही.

आता दुसरी बाजूही मोकळेपणाने मांडली पाहिजे. सिंचनाची कामे व्याख्येतून वगळताना शासनापुढे केवळ बिल्डरांचे हित होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येक धरणाला आणि प्रत्येक पाझर तलावाला पाणथळ नियम लागू केले, तर दार उघडण्यासाठी, गाळ काढण्यासाठी, भिंत उंचावण्यासाठी प्राधिकरणाची परवानगी लागेल, आणि ती येईपर्यंत रब्बीचा हंगाम निघून जाईल, ही भीती अगदीच निराधार नाही. दुष्काळी महाराष्ट्रात पाणी हे आधी पिण्याचे, मग पिकाचे, आणि उरले तर पाखरांचे, असा क्रम लोकांच्या मनात पक्का आहे. गोदावरीच्या पाण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात जो वाद चालला, तो ज्याने पाहिला त्याला या क्रमाचे दुखणे ठाऊक आहे. जलाशयाचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर करणारी कुटुंबे आहेत. ‘इथे आता पाणथळ कायदा लागू’ असा फलक लागला तर आपली गाळपेर जाईल, असे त्यांना वाटते. अभयारण्यांच्या नावाने हक्क हिरावले जाण्याचा अनुभव गाठीशी असताना त्यांच्या या भयाला हसणे हा शहरी उर्मटपणा ठरेल.

मात्र या भयावर उतारा व्याख्या लहान करण्यात नाही. तो दोन गोष्टींमधला भेद स्पष्ट करण्यात आहे: उपयोग आणि रूपांतर. तलावाचे पाणी शेताला सोडणे हा उपयोग आहे. गाळ काढणे, मासे धरणे, शिंगाडा लावणे, गाळपेर करणे हेही उपयोगच. पुढच्या पावसाने तलाव पुन्हा भरतो आणि पुन्हा तलाव होतो. तलावात भराव टाकून भूखंड पाडणे, त्याच्या मुखाशी रस्त्याचा बांध घालून येणारे पाणी तोडणे, शहराचा कचरा आणून तळ भरणे, हे रूपांतर आहे. त्यानंतर कितीही पाऊस पडला तरी तिथे तलाव होत नाही. झाला तर पूर होतो. पहिल्या प्रकारात हक्कांचा तंटा असतो, तो बसून मिटवता येतो. दुसऱ्या प्रकारात तंटा करण्याजोगे काही शिल्लकच राहत नाही. रामसर कराराने ‘सुज्ञ उपयोग’ हे तत्त्व सांगितले आहे आणि आपल्या नियमांनीही ते स्वीकारले आहे. असे असता, उपयोगात अडथळा नको म्हणून संपूर्ण जलाशयच व्याख्येबाहेर काढणे, म्हणजे सासऱ्याला औषध कडू लागते म्हणून घरातला वैद्यच काढून टाकण्यासारखे आहे. वगळायचे होते ते सिंचनाचे दैनंदिन व्यवहार. वगळली गेली ती तलावाची जागाच.

याचा परिणाम खेड्यांपुरता राहत नाही. मिठागरे ही मीठ पिकवण्यासाठी केलेली रचना म्हणून पाणथळ नियमांच्या कक्षेबाहेर आहेत. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची मिठागरे भरतीचे आणि पावसाचे पाणी काही काळ पोटात सामावून घेतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीच्या काठची दलदल आणि खाजण भरून वसवलेल्या वस्त्यांची काय गत झाली, ते साऱ्या देशाने पाहिले. तरीही २०२४ मध्ये मुंबईतील अडीचशेहून अधिक एकर मिठागरांची जमीन पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. गरिबाला घर हवे, हे निर्विवाद आहे. पण ज्या जागेने पाणी सामावावे तिथेच घर बांधून ते गरिबाला देणे, हे त्याचे पुनर्वसन की पुढच्या पुराची तरतूद, असा प्रश्न विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे, आणि त्या घरात राहायला जाणाऱ्याला तर अधिकच.

न्यायालयांनी या बाबतीत कायद्यापेक्षा दोन पावले पुढे टाकली आहेत. पंजाबमधील एका गावतळ्यात भराव टाकून बांधलेली घरे नियमित करण्यास सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात नकार दिला, आणि गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याच्या योजना आखण्यास सर्व राज्यांना सांगितले. उपग्रहाच्या साह्याने केलेल्या पाहणीत सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या अशा २,०१,५०३ पाणथळ जागा देशात आढळल्या होत्या. त्यांना २०१० च्या नियमांतील तत्त्वांचे संरक्षण मिळावे, असा आदेश याच न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. पुढील पाहणीत हा आकडा २,३१,१९५ वर गेला, आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन सीमा निश्चित करण्याचे काम लवकर पुरे करण्यास डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना पुन्हा बजावावे लागले. रामसर यादीतील भारतीय स्थळांची संख्या नव्वदीच्या पुढे गेली, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण दोन लाखांवर जागांपैकी शंभराच्या आसपास जागांना सन्मान आणि उरलेल्यांना प्रतीक्षा, हा हिशेब अभिमानापेक्षा अस्वस्थ करणारा आहे. शिवाय न्यायालय आदेश देऊ शकते, तलावाच्या पाळेवर उभे राहू शकत नाही. जिथे कायदाच संदिग्ध आहे तिथे प्रत्येक तलावासाठी स्वतंत्र याचिका करावी लागते, आणि वकिलाची फी देण्याइतका धनवान ढिवर अद्याप कोणी पाहिलेला नाही.

राज्यांना या बाबतीत स्वतःचा कायदा करता येतो, याचे दाखले आहेत. केरळने २००८ मध्ये भातशेती आणि पाणथळ जमीन यांच्या संवर्धनाचा कायदा केला. केंद्राच्या नियमांनी जी भातशेती वगळली, तिलाच केरळने संरक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. विशेष म्हणजे गावपातळीवरच्या देखरेख समितीत पंचायतीचा अध्यक्ष, कृषी अधिकारी आणि ग्राम अधिकारी यांच्या जोडीला शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना त्याने स्थान दिले. कोलकात्याच्या पूर्वेला शहराच्या सांडपाण्यावर मासे आणि भाजी पिकवणारी सुमारे १२,५०० हेक्टरांची पाणथळ भूमी आहे. तीही बव्हंशी माणसाने घडवलेली. कोलकाता उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये तिचे रूपांतर रोखले, २००२ मध्ये ती रामसर यादीत गेली आणि २००६ मध्ये पश्चिम बंगालने केवळ तिच्यासाठी कायदा केला. मत्स्यशेतीची तळी पाणथळ असू शकतात, हे तिथे कोणाला पटवून द्यावे लागले नाही. शेजारच्या गोव्यातही कुडचड्याचे नंदा तळे २०२२ मध्ये रामसर यादीत गेले. पावसाळ्यानंतर लोक त्यात पाणी साठवतात आणि खालच्या अंगाला भात पिकवतात. उपयोग आणि संरक्षण यांचे वैर नाही, हे या उदाहरणांतून दिसते.

अर्थात कायदा झाला म्हणजे काम झाले, असेही नाही. केरळने २०१८ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती करून, अधिकृत नोंदीत न आलेल्या जमिनींचे शुल्क भरून रूपांतर करण्याची वाट मोकळी केली. कोलकात्याच्या पाणथळ भूमीवरील अतिक्रमणे कायद्यानंतरही थांबली नाहीत. यातून घ्यायचा बोध हा, की कायद्याचा प्राण त्याच्या नोंदवहीत असतो. जे नोंदीत नाही ते रक्षणात नाही. आणि नोंद कोण करतो, कोणासमोर करतो, यावर ती खरी की खोटी हे ठरते.

म्हणून महाराष्ट्राने आपल्या भूगोलाला साजेसा कायदा करावा. पाणी आणि जमीन हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत. इच्छा असेल तर अधिकाराची उणीव नाही. या कायद्यात जागा कोणी घडवली यापेक्षा ती काय करते, यावर व्याख्या आधारलेली असावी. जी जागा पाणी धरते, मुरवते, पुराला वाट देते, मासळी आणि पाखरे जगवते, ती पाणथळ. मग ती उल्केने केलेली असो वा कोहळ्यांनी. सिंचन, मासेमारी, गाळ काढणे, गाळपेर यांना त्यात स्पष्ट शब्दांत मुभा असावी आणि भराव, बांधकाम, प्रवाहतोड यांना तितक्याच स्पष्ट शब्दांत बंदी. प्रत्येक तलावाची हद्द मोजून ती सातबाऱ्यावर चढवावी, म्हणजे खरेदीदाराला ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही. हद्द ठरवताना ग्रामसभा आणि मच्छीमार सहकारी संस्था हजर असाव्यात. पाण्याचा शेवटचा थेंबही उपसला जाऊ नये, म्हणून मासळी जगण्यापुरती किमान पातळी प्रत्येक तलावाला ठरवून द्यावी. खाजगी मालकीची जमीन पाणथळ ठरत असेल, तर मालकाला रास्त मोबदला द्यावा. साऱ्या समाजाच्या हिताचा भार एकट्या शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकणारा कायदा टिकत नाही, आणि टिकू नये.

यावर खर्च येईल. पण तलाव बुजल्यावर टँकरवर होणारा खर्च, पुरानंतर वाटली जाणारी मदत आणि खोल खोल जाणाऱ्या विंधनविहिरी यांचा हिशेब सरकारच्याच दप्तरात वेगवेगळ्या शीर्षांखाली विखुरलेला आहे. तो एकदा एका पानावर मांडला, तर पाळेची डागडुजी महाग वाटणार नाही.

पूर्व विदर्भातले तलाव ज्यांनी बांधले, त्यांच्यापाशी उपग्रह नव्हता, प्राधिकरण नव्हते आणि व्याख्याही नव्हती. पाणी कुठे थांबते आणि ते कोणाकोणाला लागते, एवढे मात्र त्यांना ठाऊक होते. आजच्या कायद्याने निदान तेवढे शिकावे. धानाच्या बांधीत उभा असलेला सारस आपण नियमांच्या कोणत्या पोटकलमात बसतो, हे विचारायला येणार नाही. त्याच्या शेजारी चिखलात उभा राहून रोवणी करणारी बाईही येणार नाही. ते पाहणे हे विधिमंडळाचे काम आहे.